मंगळावर उतरणारं यान आणि खोडदच्या तबकड्या

१९ ऑक्टोबर २०१६, बुधवार. रात्रीचे सव्वाआठ वाजून गेलेले. मंगळ त्या वेळी आपल्याकडे नैर्ऋत्येला, धनू राशीत, क्षितिजापासून साधारण ३० अंशांवर होता. दापोडीच्या हॅरिस पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कुणी मान वर केली असती तर तो तांबूस ठिपका सहज दिसला असता. आणि इथून सरळ रेषेत जेमतेम ६० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या त्याच ठिपक्याकडे वळवून ठेवलेल्या होत्या.

त्या रात्री युरोपीय अवकाश संस्थेचं (पुढे नुसतं 'ईसा' म्हणते) शियापारेल्ली नावाचं यान मंगळाच्या वातावरणात शिरत होतं. उतरायला लागणार होती सहा मिनिटं. जर्मनीतल्या डार्मश्टाट इथल्या नियंत्रण केंद्रात बसलेल्या लोकांना यान जिवंत आहे की नाही हे त्या सहा मिनिटांत थेट कळण्याचा एकच मार्ग होता, आणि तो जुन्नर तालुक्यातून जात होता.

जीएमआरटी म्हटलं की आपल्याला पल्सार, दीर्घिका, हायड्रोजनचे ढग वगैरे आठवतात. तिचं मुख्य काम तेच आहे. पण अवकाश मोहिमांच्या इतिहासात रेडिओ दुर्बिणींनी वेळोवेळी जे 'जादाचं' काम केलंय त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माझी पीएचडी रेडिओ सिग्नलमधला कचरा ओळखून बाजूला काढण्यावर आहे, त्यामुळे ही गोष्ट मला जरा जास्तच जवळची वाटते. कारण यात सिग्नल नखाएवढा आहे आणि कचरा डोंगराएवढा.

सुरुवात मात्र मंगळापासून नाही, स्पुटनिकपासून करायला हवी.

४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला. त्यात फार काही नव्हतं, दोन रेडिओ ट्रान्समीटर होते आणि ते 'बीप-बीप' करत होते. एक २० मेगाहर्ट्झच्या आसपास, दुसरा त्याच्या दुप्पट वारंवारितेला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख या दोन तरुण शास्त्रज्ञांनी हे बीप पकडून रेकॉर्ड केले. त्यांच्या लक्षात आलं की वारंवारिता स्थिर नाही. उपग्रह जवळ येताना ती किंचित वर असते आणि लांब जाताना किंचित खाली. हा डॉप्लर परिणाम.

दापोडी स्टेशनवर लोकलची वाट बघत उभे राहिलात तर हा परिणाम फुकटात ऐकायला मिळतो. न थांबणारी एक्स्प्रेस हॉर्न देत येते तेव्हा आवाज चढा असतो, आणि इंजिन आपल्यासमोरून पुढे गेलं की तोच हॉर्न एकदम खालच्या पट्टीत येतो. ड्रायव्हरने हॉर्न बदललेला नसतो. त्याचा आपल्या दिशेचा वेग बदललेला असतो. म्हणजे डोळे मिटूनही, नुसत्या पट्टीवरून, गाडी कधी येतेय, कधी समोर आहे, कधी गेली आणि किती वेगाने, हे सांगता येतं.

गायर आणि वायफेनबाख यांनी नेमकं हेच केलं. एका जागी बसून, नुसत्या वारंवारितेच्या सरकण्यावरून, त्यांनी स्पुटनिकची अख्खी कक्षा काढली. मग त्यांच्या वरिष्ठांनी उलटा प्रश्न विचारला: कक्षा माहीत असेल तर ऐकणारा कुठे आहे हे काढता येईल का? येतं. त्यातून अमेरिकी नौदलाची ट्रान्झिट ही दिशादर्शन यंत्रणा उभी राहिली, आणि जीपीएसची पूर्वज म्हणून तीच ओळखली जाते. डिलिव्हरीवाला सांगवीऐवजी दापोडीत बरोबर पोचतो यामागे त्या बीप-बीपचा थोडा वाटा आहे.

यानंतर रेडिओ दुर्बिणी आणि अवकाशयानं यांची जोडीच जमली. १९६६ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत 'लूना ९' चंद्रावर उतरलं, तेव्हा त्याने पाठवलेली चित्रं इंग्लंडमधल्या जोड्रेल बँकच्या दुर्बिणीने मधल्यामध्ये पकडली आणि ती ब्रिटिश वर्तमानपत्रात छापूनही आली! १४ जानेवारी २००५ ला ह्युजेन्स यान शनीच्या टायटन या चंद्रावर उतरलं, तो किस्सा तर आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतो. ह्युजेन्स दोन चॅनलवर माहिती पाठवत होतं. वर फिरणाऱ्या कॅसिनीने ती घ्यायची आणि पृथ्वीकडे पाठवायची, असं ठरलेलं. पण कॅसिनीला एका चॅनलचा रिसीव्हर चालू करण्याची आज्ञाच द्यायची राहून गेली. त्या चॅनलवर टायटनच्या वाऱ्यांचा प्रयोग होता. तो वाया गेला असता, पण ग्रीन बँक आणि पार्क्स इथल्या दुर्बिणी पृथ्वीवरून थेट ह्युजेन्सचा क्षीण आवाज ऐकत होत्या. त्या डॉप्लर नोंदींवरून वाऱ्याचे वेग काढता आले.

आपल्याकडच्या वाचकांना सप्टेंबर २०१९ ची ती रात्र आठवत असेल. चांद्रयान-२ च्या विक्रमशी संपर्क तुटला, शेवटची नोंद २.१ किलोमीटर उंचीची होती. त्या वेळी नेदरलँड्समधल्या ड्विंगेलो इथल्या जुन्या २५ मीटरच्या दुर्बिणीवरून विक्रमचा डॉप्लर आलेख काढला जात होता. रेघ वळत-वळत येते आणि अचानक संपते. तो आलेख बघून पोटात गोळा येतो.

आता परत २०१६ कडे.

एवढ्या लांबून ऐकायचं कशाला?

शियापारेल्ली एकटं गेलं नव्हतं. एक्सोमार्स मोहिमेत ते आणि 'ट्रेस गॅस ऑर्बिटर' हे कक्षायान १४ मार्च २०१६ ला बैकोनूरहून एकत्र निघाले, १६ ऑक्टोबरला वेगळे झाले आणि १९ तारखेला दोघांचीही परीक्षा एकाच वेळी होती. शियापारेल्ली उतरत होतं, आणि त्याच सुमाराला कक्षायान आपलं इंजिन सव्वादोन तासांहून जास्त वेळ चालवून मंगळाच्या कक्षेत शिरत होतं. ते शियापारेल्लीचा सिग्नल ऐकून साठवून ठेवत होतं, पण लगेच पृथ्वीकडे पाठवणं त्याला शक्य नव्हतं. ईसाचं जुनं मार्स एक्स्प्रेस यानही रेकॉर्ड करणार होतं, पण तेही नंतरच कळवणार.

बरं, मग शियापारेल्लीने स्वतःच पृथ्वीशी का बोलू नये? कारण त्याच्याकडे तसा रेडिओच नव्हता. त्याचा रेडिओ सुमारे ४०१ मेगाहर्ट्झचा, म्हणजे जवळच्या कक्षायानाशी बोलण्यापुरता. खोल अवकाशातल्या यानांशी बोलायला नासाचं जे जगभरचं जाळं आहे ते मुख्यतः याच्या कितीतरी पट वरच्या वारंवारितांवर काम करतं. ४०१ मेगाहर्ट्झला कान देऊ शकेल, प्रचंड मोठी असेल आणि त्या क्षणी मंगळ जिच्या आकाशात चांगला वर असेल अशी दुर्बीण हवी होती. अमेरिकेत सकाळ होती आणि मंगळ क्षितिजाखाली. युरोपातून तो अगदी खाली, क्षितिजाला लागून. भारतातून मात्र छान वर. अशा रीतीने हे काम खोडदकडे आलं, आणि नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या आणि पुण्याच्या एनसीआरएच्या (म्हणजे जीएमआरटी चालवणाऱ्या संस्थेच्या) लोकांनी मिळून ते केलं.

यात एक योगायोग होता. जुन्या जीएमआरटीचे रिसीव्हर ठरावीक पट्ट्यांत चालायचे, एक ३२५ मेगाहर्ट्झच्या आसपास, पुढचा ६१० च्या. ४०१ नेमकं मधे पडतं. पण त्या सुमाराला दुर्बिणीचं अद्ययावतीकरण चालू होतं आणि २५० ते ५०० मेगाहर्ट्झ असा सलग पट्टा ऐकणारे नवे रिसीव्हर बसत होते. ते दूरच्या दीर्घिकांसाठी होते, मंगळासाठी नव्हते.

हिशेब

मंगळ त्या दिवशी सुमारे १७.६ कोटी किलोमीटरवर होता. प्रकाशाला (आणि रेडिओ लहरींनाही) तेवढं अंतर कापायला पावणेदहा मिनिटं लागतात. म्हणजे खोडदला यान वातावरणात शिरल्याचं दिसलं तोपर्यंत प्रत्यक्षात तिकडे जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं. थेट म्हणजे एवढंच थेट.

शियापारेल्लीच्या रेडिओची ताकद काही वॅट. हिशेबापुरते ५ वॅट धरू, जिन्यातल्या एलईडी दिव्याएवढे, आणि ते सगळीकडे सारखे पसरतात असं मानू. १७.६ कोटी किलोमीटर त्रिज्येच्या गोलावर ५ वॅट पसरले की दर चौरस मीटरला किती येतात? दशांश चिन्हानंतर २२ शून्यं, आणि मग १३. जीएमआरटीच्या ३० तबकड्या मिळून साधारण ४७,७०० चौरस मीटर भरतात, त्यातलं उपयोगी क्षेत्रफळ ३०,००० धरू. गोळा झालेली शक्ती: दशांश चिन्हानंतर १८ शून्यं आणि मग ४, एवढे वॅट.

हा आकडा ऐकून लोक म्हणतात, एवढं कसं ऐकू येईल? खरं तर 'किती कमी आहे' हा प्रश्नच अपुरा आहे. कशाच्या तुलनेत कमी, हे विचारायला हवं. रिसीव्हरची स्वतःची खरखर असते, आकाशाची असते (आणि धनू रास म्हणजे आकाशगंगेच्या केंद्राची दिशा, तिथे आकाशही जरा बडबडं). दोन्ही मिळून तापमानाच्या भाषेत १०० केल्विन धरू. ही खरखर सगळ्या वारंवारितांवर पसरलेली असते, तर यानाचा मूळ सूर, ज्याला वाहक लहर म्हणतात, तो एकाच वारंवारितेवर असतो. मी १ मेगाहर्ट्झ रुंदीची खिडकी उघडून ऐकलं, तर त्या खिडकीतून येणारी खरखर सिग्नलच्या साडेतीन हजार पट असेल. काही ऐकू येणार नाही. पण खिडकी १ हर्ट्झ एवढी बारीक केली तर खरखर दहा लाखांश होते, सिग्नल तेवढाच राहतो, आणि आता सिग्नल खरखरीच्या पावणेतीनशे पट! लग्नाच्या हॉलमध्ये आपल्या आईची हाक ऐकू येते ती मोठी असते म्हणून नाही, नेमका कुठला आवाज ऐकायचा हे आपल्याला ठाऊक असतं म्हणून.

मग अडचण कुठे आहे? सूर एका जागी राहत नाही. शियापारेल्ली ताशी २१,००० किलोमीटर वेगाने वातावरणात शिरलं आणि तीनेक मिनिटांत, पॅराशूट उघडण्याच्या वेळी, ताशी १,७३० वर आलं. म्हणजे वेग दर सेकंदाला सरासरी ३० मीटरने कमी होत होता. ४०१ मेगाहर्ट्झला वेगात सेकंदाला १ मीटरचा फरक पडला की वारंवारिता सुमारे १.३ हर्ट्झने सरकते. सगळा वेग आपल्याच दिशेत धरला तर सूर दर सेकंदाला ४० हर्ट्झ सरकतोय. आपली खिडकी १ हर्ट्झची! म्हणजे चाळीस खोल्यांच्या चाळीत एका सेकंदात एका टोकाकडून दुसरीकडे पळणाऱ्या पोराला पकडायचंय. म्हणून नुसती वारंवारिता शोधून भागत नाही, ती किती वेगाने सरकतेय याचेही वेगवेगळे अंदाज लावून, प्रत्येक अंदाजाप्रमाणे डेटा 'उलटा सरकवून' बघावा लागतो. योग्य अंदाज लागला की पसरलेला सूर एका जागी गोळा होतो आणि डोकं वर काढतो.

यात मजा अशी की जी अडचण आहे तीच माहिती आहे. सरकण्याचा वेग अचानक बदलला तर काहीतरी घडलं. पॅराशूट उघडलं की आलेखात झटका दिसणार. म्हणून यानाने 'पॅराशूट उघडलं' असं सांगायची गरज नाही, त्याचा सूरच सांगतो. स्टेशनवरच्या हॉर्नसारखंच.

दुसरी गोष्ट तबकड्या जुळवण्याची. तीसपैकी १४ तबकड्या साधारण एक चौरस किलोमीटरच्या मध्यभागात आहेत आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर पसरलेल्या, सर्वांत लांबच्या दोन तबकड्यांत २५ किलोमीटरपर्यंत अंतर. एकच लहर प्रत्येक तबकडीवर किंचित वेगळ्या क्षणी पोचते. नुसती बेरीज केली तर शिखर आणि दरी एकमेकांना खाऊन टाकतील. गणपतीत ढोल-ताशा पथकात तीस ढोल आहेत आणि प्रत्येकजण आपल्या मर्जीने वाजवतोय असं समजा. नुसता गोंगाट. तेच तीस एका ठेक्यावर पडले की छातीत धडकतं. इथे ठेका सांभाळायचा तो ७५ सेंटिमीटरच्या लहरीच्या छोट्याशा अंशाएवढ्या अचूकतेने. म्हणून आधी आकाशातल्या एखाद्या तेजस्वी, ओळखीच्या रेडिओ स्रोताकडे तबकड्या वळवून सगळ्यांची घड्याळं, म्हणजे लहरींच्या कला, जुळवून घेतात. मग लक्ष्याकडे वळायचं.

त्या रात्री काय दिसलं

१६ तारखेला शियापारेल्ली कक्षायानापासून सुटलं, तेव्हाही खोडदने त्याचा सिग्नल पकडला होता. १९ ला रात्री ते उतरण्यासाठी जागं झालं आणि सूर पुन्हा दिसला. यान वातावरणात शिरताना पुढे तापलेल्या वायूचा, प्लाझ्माचा, पडदा तयार होतो आणि काही काळ रेडिओ बंद पडतो. ते अपेक्षितच होतं. नंतर सूर परत आला. पॅराशूट उघडल्याचा बदलही दिसला. इथपर्यंत सगळं आराखड्याप्रमाणे.

आणि मग, उतरण्याच्या ठरलेल्या वेळेच्या साधारण पाऊण मिनिट आधी, सूर थांबला.

खोडदहून एवढंच सांगता येत होतं. यान आदळलं, की अँटेना वाकडी झाली, की वारंवारिताच भलतीकडे गेली, हे त्या क्षणी कुणालाच माहीत नव्हतं. थोड्या वेळाने मार्स एक्स्प्रेसच्या नोंदीतही सिग्नल तसाच थांबलेला दिसला. रात्रीतून कक्षायानाने साठवलेली तपशीलवार माहिती आली. दुसऱ्या दिवशी नासाच्या मार्स रीकॉनिसन्स ऑर्बिटरने घेतलेल्या छायाचित्रात मेरिडियानी पठारावर एक नवा काळा डाग आणि थोड्या अंतरावर एक पांढरा ठिपका दिसला. पांढरा ठिपका म्हणजे पॅराशूट. काळा डाग म्हणजे शियापारेल्ली.

कारण कळलं ते असं. पॅराशूट उघडल्यावर यान अपेक्षेपेक्षा जास्त हेलकावे खात फिरलं. त्याचा फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण आपल्या मापनाच्या मर्यादेला जाऊन अडकलं, तेही साधारण एक सेकंदच. एवढ्यात संगणकाने यान कुठल्या कोनात आहे याचा चुकीचा अंदाज बांधला, तो अंदाज रडारच्या आकड्यात मिसळला आणि उंची आली उणे! म्हणजे यान जमिनीच्या खाली आहे. संगणकाने त्यावर विश्वास ठेवला. पॅराशूट सोडून दिलं, जी इंजिनं अर्धा मिनिट चालायची ती तीन सेकंदांत बंद केली आणि आपण उतरलो असं समजून पुढचं काम सुरू केलं. प्रत्यक्षात यान ३.७ किलोमीटर उंचीवर होतं.

मला या अपघातात सगळ्यात अस्वस्थ करते ती 'उणे उंची'. उंची शून्याखाली जाऊ शकत नाही हे शाळकरी पोरालाही कळतं, पण ते कुणीतरी संगणकाला लिहून द्यावं लागतं. आमच्या डेटावर काम करतानाही हाच धडकी भरवणारा प्रश्न असतो: अशक्य आकडा आला तर प्रोग्रॅम थांबणार, की गुमान पुढे जाणार?

जोडीचं कक्षायान मात्र ठरल्याप्रमाणे कक्षेत गेलं, आणि मंगळाच्या पृष्ठभागावरच्या यानांचे निरोप पृथ्वीकडे पोचवायचं कामही पुढे ते करू लागलं.

दोऱ्या, जाळी आणि गोंगाट

४५ मीटरची एक तबकडी पत्र्याची केली असती तर वाऱ्यानेच उलथली असती, आणि तिला धरून ठेवणाऱ्या पोलादाचा खर्च परवडला नसता. जीएमआरटीचे जनक गोविंद स्वरूप यांची युक्ती अशी की पृष्ठभाग पत्र्याचा करायचाच नाही. बारीक स्टेनलेस स्टील तारांची जाळी, आणि ती ताणून धरायला तारदोऱ्या. जाळीची भोकं १० ते २० मिलिमीटर. ७५ सेंटिमीटरच्या लहरीला अशी जाळी आरशासारखी गुळगुळीत वाटते, वारा मात्र आरपार जातो. स्वरूप यांचा हा स्वभावच होता. १९६५ च्या सुमारास त्यांनी कल्याणजवळ भारतातली पहिली मोठी रेडिओ दुर्बीण उभी केली, ती ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या ३२ छोट्या तबकड्या आणून.

खोडदची जागा निवडताना एक महत्त्वाचं कारण होतं की तिथे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी. दुसरं कारण, पुण्याच्या शैक्षणिक आणि औद्योगिक सोयी जवळ. आज ही दोन कारणं एकमेकांच्या उरावर बसलीत. खोडदपासून चाकण सरळ रेषेत ४० किलोमीटरवर आहे. कारखाने, वेल्डिंग, मोटारी, टॉवर, हायटेन्शन लाइन, आणि प्रत्येकाच्या खिशात फोन. एक हिशेब करा: दापोडीतल्या ०.२ वॅटच्या फोनचा सिग्नल, मधले डोंगर नाहीत असं धरून, खोडदला शियापारेल्लीच्या सिग्नलच्या सुमारे ३४ हजार कोटी पट जोरात पोचेल. डोंगर आहेत आणि फोनची वारंवारिता वेगळी असते, म्हणून निभतं.

सगळ्यात त्रासदायक फोनही नाही. विजेच्या खांबावर ढिला जोड असला, इन्सुलेटर खराब असला की ठिणग्या उडतात. ठिणगी म्हणजे सगळ्या वारंवारितांवर एकदम मारलेली किंकाळी. तिला एका पट्ट्यात अडवता येत नाही. म्हणून जीएमआरटीचे लोक असे खांब शोधत फिरतात आणि ते दुरुस्त करून घ्यावे लागतात.

जे उरतं ते गणिताने काढायचं, आणि माझा दिवस यातच जातो. ठिणगी ओळखायची कशी? सोपं वाटतं: सरासरीपेक्षा खूप मोठा आकडा दिसला की फेकून द्या. पण सरासरीच ठिणगीने बिघडते. एसटीच्या डब्यात... म्हणजे गाडीत चाळीस माणसं आहेत, महिन्याला वीस-पंचवीस हजार कमावणारी, आणि एक अब्जाधीश चढला. सरासरी काढली तर गाडीतले सगळे कोट्यधीश, आणि मग त्या सरासरीशी तुलना करून कोण वेगळा आहे हे नीट कळतही नाही. त्याऐवजी सगळ्यांना कमाईप्रमाणे रांगेत उभं करा आणि मधल्या माणसाची कमाई विचारा. अब्जाधीश आला काय, गेला काय, मधला माणूस जवळपास तोच. हा मध्यक. प्रत्येकजण या मध्यकापासून किती लांब आहे त्याचाही मध्यक काढायचा, आणि त्याच्या ठरावीक पट लांब असेल तो बाहेर. जीएमआरटीच्या अभियंत्यांनी ही रीत दुर्बिणीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्येच, डेटा येतानाच चालेल अशी बसवली आहे. आकडे रांगेत लावणं हे वेळखाऊ काम, आणि नमुने सेकंदाला कोट्यवधींनी येतात, त्यामुळे सांगायला सोपं असलं तरी करायला बिलकुल सोपं नाही.

आणि गणिताला मर्यादा आहे. ठिणग्या अधूनमधून असतील तर त्या काढून टाकता येतात. रांगेतले निम्म्याहून जास्त अब्जाधीश झाले की मधला माणूसही अब्जाधीशच असणार.

इथे पुणे-नाशिक रेल्वेचा विषय येतो. सुमारे २३५ किलोमीटरच्या सेमी हायस्पीड मार्गाचा मूळ आराखडा चाकण, मंचर, नारायणगाव असा जात होता. विजेवर चालणारी वेगवान गाडी, तिच्या वरच्या तारेवर घासणारा पँटोग्राफ, म्हणजे फिरती ठिणगीच. जीएमआरटीने हरकत घेतली, आणि मार्ग बदलावा लागेल असं रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं. त्यावर खेड, आंबेगाव, जुन्नरमध्ये नाराजी आहे, आणि ती मला चुकीची वाटत नाही. नाशिक फाट्यावरून चाकणला रोज कंपनीच्या बसने जाणाऱ्या माणसाचे दोन-दोन तास ट्रॅफिकमध्ये जातात. त्याला 'पल्साराच्या अभ्यासाला अडथळा होतो' हे उत्तर पुरेसं का वाटावं? शेतमाल, नोकऱ्या, शिक्षण, सगळं त्या मार्गाला जोडलेलं आहे. दुसऱ्या बाजूने, रेल्वेचा मार्ग नकाशावर हलवता येतो, तीस तबकड्या हलवता येत नाहीत, आणि या वारंवारितांना जगात या तोडीच्या दुर्बिणी बोटांवर मोजण्याएवढ्या आहेत. माझं मत मार्ग लांबून न्यावा याच बाजूचं आहे, पण मग त्या तालुक्यांना बदल्यात काय, याचंही उत्तर त्याच कागदावर हवं. नुसता 'विज्ञानासाठी त्याग करा' म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

गोंगाट बाहेरूनच येतो असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला कित्येक वर्षं अधूनमधून विचित्र सिग्नल दिसायचे. २०१५ मध्ये छडा लागला: वेधशाळेतलाच मायक्रोवेव्ह ओव्हन, वेळ संपायच्या आत कुणी दार उघडलं की तेवढ्यात सुटणारी लहर. जेवण गरम व्हायची वाट न बघणारा शास्त्रज्ञ हाच तो परग्रहवासी!

खोडदला जायचं असेल तर राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या, सुमारास जा. तेव्हा दुर्बीण सगळ्यांना बघायला खुली असते आणि आसपासच्या शाळा-कॉलेजांची विज्ञान प्रदर्शनंही असतात. आपल्याकडून नाशिक फाट्याला नारायणगावकडे जाणारी एसटी पकडायची आणि नारायणगावहून पुढे खोडद. फोन आधीच बंद करून ठेवा. तबकडीच्या खाली उभं राहून वर बघितलंत तर जाळीतून सरळ आकाश दिसतं.